लघुकथा, सर्वपरिचित मराठी : मराठीतील ज्या लघुकथांची शीर्षके, लेखक वा पात्रे साहित्याच्या खास अभ्यासकांखेरीज सामान्य सुशिक्षितांनाही ठाऊक असतात व ज्यांवर प्रश्नमंजूषेसारख्या स्पर्धांतून प्रश्न विचारता येतात, अशा कथा. जागतिक साहित्यात गी द मोपासांची ‘द नेकलेस’ (१८८४) व रवींद्रनाथ टागोरांची ‘काबुलीवाला’ (१८९२) यांना असे स्थान आहे.

मराठीत ह. ना. आपटे यांची दुष्काळाच्या पार्श्वभूमीवरील ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही या मालिकेतील आरंभीची महत्त्वाची कथा होय. दिवाकर कृष्ण यांची ‘अंगणातला पोपट’, शंकर पाटील यांची ‘धिंड’, द. मा. मिरासदार यांच्या ‘व्यंकूची शिकवणी’ व ‘भुताचा जन्म’, अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ आणि बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथाही विशेष परिचित आहेत.

अशी ख्याती केवळ वाङ्‌मयीन गुणवत्तेवर अवलंबून नसते. पाठ्यपुस्तके, दिवाळी अंक, कथाकथन, चित्रपट व दूरदर्शन ही तिची प्रमुख साधने होत. १९६० नंतर व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील व मिरासदार यांच्या कथाकथनामुळे ग्रामीण कथा पुस्तके न वाचणाऱ्यांपर्यंतही पोहोचली. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ चित्रपट आणि दूरदर्शन मालिकेमुळे घरोघरी पोहोचले. मात्र त्यांच्या एखाद्या कथेचे शीर्षक फार थोड्यांना सांगता येते. जी. ए. कुलकर्णी यांच्या कैरी या कथेवर २००० मध्ये चित्रपट निघाला.

स्पर्धांसाठी निवड करताना काही भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते. काजळमाया (१९७२) हे जी. ए. कुलकर्णी यांच्या कथासंग्रहाचे नाव आहे. माणदेशी माणसं (१९४९) हा माडगूळकरांचा संग्रह मुख्यतः व्यक्तिचित्रांचा आहे. कळ्यांचे निःश्वास (१९३३) हा कथासंग्रह लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, हे पुष्कळांना माहीत असते. त्यातील कथांचा परिचय तितका सार्वत्रिक नाही. काजळमायाला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार लेखकाने परत केला, ही गोष्टही संग्रहातील कथांपेक्षा अधिक लोकांना ठाऊक असते. तात्पर्य, नावाची ओळख म्हणजे कथेची ओळख नव्हे.

या परिचयाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मुद्रण व प्रमाणभाषा यांच्याबाहेर राहिलेले कथाधन तीत सहसा येत नाही. वसई-विरार परिसरातील सामवेदी (कादोडी) व वाडवळी बोलींतील मौखिक कथा हे त्याचे जवळचे उदाहरण होय. दलित कथाही बागूल, साठे प्रभृतींच्या लेखनानंतरच या परिघात आली. म्हणून अशी सूची हा श्रेष्ठतेचा निर्णय न मानता, एखाद्या समाजाने कोणत्या कथा सामायिक स्मृतीत जपल्या व कोणत्या तीबाहेर राहू दिल्या, याचे गमक मानणे युक्त होईल.