चार कुलपांची पेटी : ल्यूथरपंथी मंडळीचा कारभार

ख्रिस्ती लोकांत ‘मंडळी’ म्हणजे एका देवळाभोवती जमलेला उपासकांचा समाज, आणि ‘पाळक’ म्हणजे त्या समाजाचा धर्मगुरू. मेंढपाळाने कळप राखावा तसा त्याने समाज राखावा, अशी कल्पना. उपमा गोड आहे. पण मेंढरे हिशेब विचारीत नाहीत, माणसे विचारतात. पाळकाला नेमतो कोण, त्याचा पगार कोणाच्या हातून निघतो आणि तो वावगा वागला तर त्याला दूर कोण करतो, हे तीन प्रश्न सुटल्यावाचून त्याच्या पुढारीपणाचा उलगडा होत नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. धर्मशास्त्रात आमची गती नाही. परंतु हे तीन प्रश्न आमच्या नित्य परिचयाचे आहेत, म्हणून या विषयाला हात घालतो.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात लाइस्निग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील पाळक नेमण्याचा हक्क पूर्वी जवळच्या एका मठाच्या अधिपतीकडे असे. मार्टिन ल्यूथरची शिकवण पटल्यावर गावकऱ्यांनी हा हक्क झुगारला, पाळक व उपदेशक आपणच निवडले, आणि १५२३ च्या जानेवारीत आपले प्रतिनिधी ल्यूथरकडे पाठविले. त्याच वर्षी ल्यूथरने एक छोटी पुस्तिका लिहिली. शिकवणीची पारख करण्याचा, उपदेशक नेमण्याचा आणि काढण्याचाही अधिकार मंडळीचा आहे, असे त्याने तीत मांडले. गावाने कारभाराची नियमावली केली होती, तीही त्याच्या प्रस्तावनेसह छापून निघाली.

ही नियमावली म्हणजे एक पाहण्यासारखी चीज आहे. देवळाची सारी मिळकत, देणग्या व दाने एका सामाईक पेटीत जमा करावयाची. पेटी देवळातच ठेवावयाची आणि तिला चार वेगवेगळी कुलपे लावावयाची. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरसभेकडे, एक गावातील नागरिकांकडे व एक खेड्यांतील शेतकऱ्यांकडे. चौघे जमल्याखेरीज झाकण उघडणार नाही! कारभारी दहा : दोन सरदार, दोन नगरसभेचे, तीन नागरिक आणि तीन शेतकरी. त्यांची निवड दरवर्षी व्हावयाची. दर रविवारी त्यांनी एकत्र बसून काम पाहावयाचे, सर्व व्यवहार वह्यांत लिहावयाचे, आणि वर्षातून तीन वेळा सगळी मंडळी सभेला जमवावयाची. पेटीत तूट आली तर प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वर्गणी द्यावयाची. घरदार नसलेल्या नोकरचाकरांना व तरुण कारागिरांनाही थोडीशी वर्गणी होतीच. ज्याच्याकडून पैसा घेतला त्याला सभेत तोंड उघडण्याचा हक्क आपोआप येतो, हे आम्ही मुद्दाम सांगतो. बिनवर्गणीचा सभासद हा पुढाऱ्यांना नेहमीच सोयीचा असतो.

या पेटीतून पाळक, उपदेशक व शाळामास्तर यांचे पगार निघावयाचे. मुलींना शिकविण्यासाठी एका वयस्क, सुशील बाईची तरतूद होती. अनाथ, वृद्ध व आजारी यांना मदत होती. धंदा उभारू पाहणाऱ्या कारागिराला कर्ज होते. भीक मागण्यास मात्र बंदी होती. आणि पाळक? त्याच्या हाती एकही किल्ली नाही. उपदेश करावा, संस्कार करावेत, चुकणाऱ्याला तोंडावर सांगावे. तिजोरीशी त्याचा संबंध पगार घेण्यापुरता. पाळकाची यात मानहानी नाही, उलट सोय आहे. ज्याच्यावर पैशाचा संशय घेताच येत नाही, त्याचा शब्द सभेत वजनदार ठरतो.

कागदावर सर्व उत्तम होते. पण देवस्थानाचे काही उत्पन्न नगरसभेच्या ताब्यात होते आणि ते पेटीत टाकण्यास ती तयार होईना. १५२३ च्या ऑगस्टमध्ये ल्यूथरने सॅक्सनीच्या राजाकडे याबद्दल लिहिले. तरी १५२४ साली त्याला खंत करावी लागली की, पहिले म्हणून जे उदाहरण सर्वांत चांगले व्हावयाचे तेच बिघडले. पाळक निवडण्याचा हक्क मंडळीने मिळविला, पण पगाराची रक्कम दुसऱ्याच्या मुठीत राहिली. पुढे १५२७-२८ पासून राजाने नेमलेले निरीक्षक मंडळ्या तपासू लागले, आणि हळूहळू धर्माचा कारभार राजांकडे गेला. जर्मनीत राजांची ही सत्ता १९१८ साली राजेशाही जाईपर्यंत टिकली.

ल्यूथरचा तो जुना विचार पुन्हा जोराने वर आला तो अमेरिकेत, आणि गंमत अशी की सॅक्सनीच्याच लोकांत. मार्टिन स्टेफान या धर्मगुरूच्या मागे सहाशेहून अधिक माणसे मायदेश सोडून १८३९ साली मिसूरीत उतरली. प्रवासातच त्याला बिशप केले गेले. सर्वांची सामाईक तिजोरीही त्याच्याच शब्दावर चाले. येथे एकही कुलूप नव्हते म्हणा ना! काही महिन्यांतच वर्तन व पैसा या दोहोंवरून त्याच्यावर आरोप झाले. त्याला पदच्युत करून नदीपार इलिनॉयमध्ये सोडण्यात आले.

मागे राहिलेल्यांची स्थिती विलक्षण होती. बिशप गेला, पैसा गेला. मग आपण ख्रिस्ती मंडळी तरी उरलो का, आपल्या पाळकांना अधिकार कोणता, अशा शंकांनी माणसे खचली. १८४१ साली आल्टेनबुर्ग येथे जाहीर वादविवाद झाला. तेथे वाल्थर नावाच्या तरुण पाळकाने ठामपणे मांडले की, मंडळी बिशपमुळे मंडळी होत नाही. श्रद्धावंत लोक जेथे आहेत तेथे ती आहेच, आणि पाळकाला बोलावण्याचा हक्कही तिचाच आहे. १८४७ साली त्या मंडळ्यांनी व इतर काहींनी मिळून आपला संघ स्थापन केला. संघाने मंडळीला सल्ला द्यावा, हुकूम करू नये, असे ठरले. आणि सभेत पाळकाला एक मत, तर मंडळीने पाठविलेल्या साध्या सभासदालाही एकच मत.