वाटी बदलली आणि केक बसला

घरात भट्टी नसतानाही आपल्याकडे नानकटाई होत असे. शेगडीवर पातेले, पातेल्यात वाळू, वाळूवर नानकटाईचे ताट आणि झाकणावर रसरशीत निखारे. खालची उष्णता वाळूतून वहनाने ताटापर्यंत पोचे. निखाऱ्यांनी तापलेल्या झाकणाची उष्णता प्रारणाने वरून मिळे, म्हणून माथ्यालाही रंग येई. गॅस आल्यावर वाळू राहिली, निखारे गेले. गॅसवरचा वाळूतला केक वरून फिकट राहतो, त्याचे कारण हेच.

पनवेलला आमच्या शेजारच्या वहिनी आजही याच पद्धतीने, दही घालून, बिनअंड्याचा केक करतात. गेल्या पावसाळ्यात तो मध्यभागी बसला. सुरी घातली तर आत ओला गोळा. पुढच्या रविवारी तोच प्रकार. “सर, वाळू जुनी झाली असेल का?” त्यांनी विचारले. घरी पाहुणे यायचे होते, त्यामुळे प्रश्न निकडीचा होता.

वाळू निर्दोष होती. तिच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, म्हणून कोरडी वाळू उष्णतेची मंदवाहक. ज्योतीचे तापमान हजार अंशांहून अधिक; ती उष्णता वाळू सावकाश आणि सारखी पोचवते, त्यामुळे बूड करपत नाही. ज्योत थोडी लहानमोठी झाली तरी वाळूचे तापमान लगेच बदलत नाही. मात्र ती आधी दहा मिनिटे तापवून घ्यावी लागते. वाळूऐवजी पाणी घालून प्रेशर कुकर लावला तर आत सुमारे १२० अंश सेल्सिअस मिळतात. तेवढ्यात पीठ शिजते, पण खरपूस रंगाला साधारण १४० अंशांहून अधिक लागतात आणि पृष्ठभाग कोरडा लागतो. (कुकरात वाळू घालायचीच असेल तर शिटी आणि रबरी कडे आधी काढून ठेवावे.)

मग सोडा? दह्यातील आम्ल मिळताच खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. अर्धा चमचा, म्हणजे सुमारे २.५ ग्रॅम सोडा पुरेशा आम्लाबरोबर खोलीच्या तापमानाला सुमारे ७०० मिलिलिटर वायू देतो. आम्ल नसेल तर नुसत्या उष्णतेने निम्माच वायू मिळतो, आणि मागे धुण्याचा सोडा उरून साबणासारखी चव येते. वहिनींचे दही आंबट होते, सोडाही ताजा होता.

बदलली होती ती वाटी. जुनी १५० मिलिलिटरची, नवी २०० ची. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले, त्यातले वाटी-चमच्याचे माप घरोघरी रुजले. हे माप मला फार शहाणपणाचे वाटते, कारण सगळे जिन्नस एकाच वाटीने घेतले की वाटी कोणतीही असो, प्रमाण तेच राहते. पण चमचा वाटीबरोबर मोठा होत नाही! मैदा, साखर, दही, तूप एक तृतीयांशाने वाढले. सोडा अर्धा चमचाच राहिला. म्हणजे त्याचे प्रमाण पाऊणपट झाले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जाडीची. डबा जुनाच असल्याने पिठाचा थर चार-तृतीयांश झाला. उष्णता मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. (४/३) चा वर्ग १६/९, म्हणजे जवळजवळ १.८. चाळीस मिनिटांच्या जागी सत्तर हवीत, आणि वहिनी घड्याळ लावून चाळिसाव्या मिनिटाला झाकण काढत होत्या. कडा शिजून घट्ट झालेल्या, मध्य कच्चा. तिथले बुडबुडे धरून ठेवायला शिजलेल्या पिठाची भिंतच नव्हती. वायू निवून आकसला आणि मध्य खाली बसला.

उपाय दोन: जुनी वाटी शोधणे, किंवा सोडा एक तृतीयांशाने वाढवून डबा रुंद घेणे. थराची जाडी पूर्वीइतकीच ठेवायची तर तळाचे क्षेत्रफळ ४/३ पट हवे, म्हणून १८ सेंटिमीटर व्यासाऐवजी सुमारे २१ सेंटिमीटर. वहिनींनी दुसरा उपाय केला. पाहुण्यांना केक मिळाला, मला कडेचा तुकडा.

वाटीच्या मापात आणखी एक खोच आहे, ती शिक्षकांनी वर्गात तराजू घेऊन जरूर दाखवावी. एकाच वाटीत एकदा चाळून अलगद आणि एकदा दाबून मैदा भरा; वजनात पाचवा हिस्सा फरक सहज पडतो. मग तोच प्रयोग साखरेवर करा. फरक फारच थोडा येईल. का, ते दोन्हींचे कण भिंगाखाली पाहून ठरवा.