इवले विमान, थरथरता हात

दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या ब्रिटिश ‘स्पिटफायर’ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२ मीटर होता. १:७२ या प्रमाणात त्याची प्रतिकृती केली, तर तो जेमतेम १५६ मिलिमीटर भरतो. खऱ्या विमानातली एक इंच जाडीची नळी या प्रतिकृतीत ०.३५ मिलिमीटरची होते. असा भाग चिमट्यात धरून, गोंद लावून अचूक जागी बसवायचा म्हणजे हात, डोळे आणि मान या तिघांचीही परीक्षाच. निवृत्तीनंतर अनेक जण हौसेने हा छंद सुरू करतात आणि ‘आता हात थरथरतो, डोळ्यांना दिसत नाही’ म्हणून सोडूनही देतात. बऱ्याचदा दोष हाताचा नसतो, टेबलाच्या मांडणीचा असतो. ही मांडणी घरातल्याच वस्तूंनी सुधारता येते.

थोडी थरथर प्रत्येकाच्या हाताला असते. स्नायू सतत एकसारखा ताण देत नाहीत, त्यांना मज्जातंतूंकडून तुटक तुटक संदेश मिळत असतात. त्यामुळे निरोगी माणसाची बोटेही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा किंचित हलतात. एरवी ते जाणवत नाही. चहा-कॉफी जास्त झाली, झोप कमी पडली, मन घाईत असले की ही थरथर वाढते. हात खांद्यापासून अधांतरी असेल, तर खांद्याची, कोपराची आणि मनगटाची हालचाल बोटांच्या टोकाशी एकत्र जमा होते. कोपर आणि मनगट दोन्ही टेकवले की उरते ती फक्त बोटांची हालचाल.

म्हणून पहिले साधन सर्वांत सोपे. टेबलावर एक मजबूत खोके किंवा जुन्या जाडजूड पुस्तकांची चळत ठेवायची आणि विमान त्यावर ठेवून काम करायचे. दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल ठेवून त्यांवर हात टेकवायचे. यात मानेचाही फायदा आहे. डोके पुढे झुकते तसा मानेच्या स्नायूंवरचा भार वाढत जातो. डोके कामाकडे नेण्यापेक्षा काम डोळ्यांकडे आणणे केव्हाही बरे.

दुसरा नियम असा, की जे काम चिमट्याला किंवा पुठ्ठ्याला जमते, ते बोटांना देऊ नये. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणि रबर बँड ही या छंदातली सर्वांत स्वस्त पकड. प्लॅस्टिकच्या प्रतिकृती बहुधा पॉलिस्टायरीनच्या असतात. त्यांच्यासाठीचा द्रव गोंद खरे तर चिकटवत नाही, तो दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळवतो. मऊ झालेले थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. याला काही तास लागतात. तेवढा वेळ कोणाचाही हात स्थिर राहणार नाही, चिमटा मात्र राहतो.

पंखांच्या कोनाचेही तसेच. स्पिटफायरचे पंख समोरून पाहिले, तर टोकांकडे सुमारे ६ अंशांनी वर उचललेले दिसतात. यात एका अंशाची चूक झाली, तर या प्रतिकृतीत पंखाचे टोक सव्वा मिलिमीटरहून अधिक सरकते. खऱ्या विमानात ही चूक नऊ सेंटिमीटरहून मोठी ठरली असती. एक पंख वर आणि एक खाली असेल, तर विमान दुरूनही लंगडे दिसते. उपाय म्हणजे पुठ्ठ्याचा साचा. कंपासपेटीतल्या कोनमापकाने कोन आखून पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे कापायचे आणि गोंद सुकेपर्यंत पंख त्यांवर टेकवून ठेवायचे. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून एकदमच कापले, तर दोन्ही बाजू आपोआप सारख्या येतात.

‘सुपर ग्लू’ म्हणून ओळखला जाणारा सायनोअॅक्रिलेट गोंद हवेतल्या ओलाव्याने काही क्षणांत घट्ट होतो. बाटलीतून थेट लावला, तर तो हमखास जास्त पडतो. जाड शिवणसुईच्या नेढ्याचे टोक पकडीने तोडले की दोन दातांचा इवला काटा तयार होतो. तोडताना तुकडा उडू शकतो, म्हणून तेव्हा चष्मा हवाच. सुईचे टोकदार अंग आइस्क्रीमच्या काडीत किंवा जुन्या पेन्सिलीत खोचले की झाली मूठ. द्रवाच्या पृष्ठताणामुळे या काट्यात एक सूक्ष्म थेंब अडकून राहतो आणि सांध्याला टेकवताच फटीत ओढला जातो. सांडलेला सुपर ग्लू कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नये. सुती धाग्यांवर तो झपाट्याने घट्ट होतो आणि त्या क्रियेत चटका बसण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते. बोटे चिकटली, तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हलकेच सोडवावीत. डोळ्यात गेला, तर पापण्या जबरदस्तीने न उघडता कोमट पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

टेबलावरचे बरेच अपघात वस्तू कलंडल्याने किंवा घरंगळल्याने होतात. गोंदाची बाटली बसेल एवढे भोक जाड फोमच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्यात पाडले, तर ती उलटत नाही. कटरची मूठ गोल असते. तिच्यावर चौकोनी खोडरबर भोक पाडून बसवले, तर कटर घरंगळून मांडीवर पडत नाही. पडणारा कटर झेलायचा मोह मात्र कधीच करू नये. वापरलेली पाती झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत, म्हणजे कचरा उचलणाऱ्याचा हात कापत नाही. घासण्यासाठी आइस्क्रीमच्या काडीवर वॉटर पेपर चिकटवावा आणि तो ओला करून वापरावा. धूळ पाण्यातच बसते, छातीत जात नाही.

चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे धूसर दिसू लागते. तपासणी करून योग्य नंबरचा चष्मा घेणे ही पहिली पायरी, डोक्याला बांधायचे भिंग ही नंतरची. दोन बाजूंनी दोन दिवे ठेवले, तर हाताची सावली कामावर पडत नाही. बारीक कामात पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद दूरवर पाहावे. काम संपल्यावर भिंग झाकून ठेवावे. खिडकीत राहिलेले भिंग ऊन एकवटून आग लावू शकते.

घरगुती उपाय जपून करायला हवा तो रंगाच्या फवाऱ्याबाबत. पुठ्ठ्याच्या खोक्याला घरातला एक्झॉस्ट पंखा लावून फवारणीची पेटी करण्याची युक्ती लोकप्रिय आहे. पण साध्या पंख्याची मोटर हवेच्या झोतातच असते. थिनरची वाफ ज्वलनशील असते आणि मोटरमधली एक ठिणगीही पुरेशी ठरू शकते. अशा पेटीत पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंगच वापरावेत आणि पंख्याची हवा खिडकीबाहेर सोडावी. साधा मास्क रंगाचे काही कण अडवतो, द्रावकांची वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचे फिल्टर असलेला मास्क लागतो. डोके दुखले, गरगरले, तर काम थांबवून मोकळ्या हवेत जावे. घरात लहान मुले किंवा दम्याचे रुग्ण असतील, तर रंग ब्रशनेच दिलेला बरा.

एक गोष्ट मात्र खोक्याने किंवा चिमट्याने झाकून टाकू नये. हात मांडीवर निवांत असताना थरथरत असेल, थरथर एकाच बाजूला असेल, अलीकडेच सुरू होऊन वाढत असेल, किंवा कप धरणे, सही करणे अवघड होत असेल, तर ती नेहमीची थरथर नव्हे. थायरॉइडचा विकार, काही औषधे किंवा मेंदूचे आजार अशी तिची कारणे असू शकतात आणि त्यांपैकी अनेकांवर उपचार आहेत. एरवी सहज न जाणवणारा असा बदल बारीक काम करणाऱ्याच्या लवकर लक्षात येतो. तो लक्षात आला, तर विमान काही दिवस बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची भेट घ्यावी.