जुने टेबल, नवे टेबल

कर्जत म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. स्टेशनवरचा बटाटेवडा आणि घाट चढण्यासाठी गाडीला मागून लागणारी इंजिने. गेल्या वर्षी आम्हा चार-पाच छंदिष्टांना वाटले, इथे चित्रकार्डांच्या संग्राहकांचा एक छोटा मेळावा भरवावा. मुंबई आणि पुणे या दोन्हीकडची मंडळी सकाळी येऊन रात्री जेवायला घरी पोहोचतील, एवढा साधा हिशेब.

टेबले सोळा आणि वाटप माझ्याकडे. मी पडलो जुन्याचा भक्त! दर्शनी बारा टेबले जुन्या मालाच्या विक्रेत्यांना दिली. सिगारेटच्या पाकिटातली कार्डे, काडेपेट्यांची लेबले, रविवर्मा प्रेसची पोस्टकार्डे. पाकीट चुरगळू नये म्हणून घातलेल्या पुठ्ठ्यावर चित्रे छापण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातली. आपले रणजितसिंहजीही त्यांवर झळकले. रविवर्म्यांचा छापखाना तर १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे आमच्या घाटाच्या वर, मळवलीला गेला. उरलेली चार टेबले पोकेमॉन आणि आयपीएलवाल्यांना. तीही जिन्याखाली.

दहाला दार उघडले आणि पोरांचा लोंढा थेट जिन्याखाली! तिथे पाय ठेवायला जागा नाही आणि दर्शनी टेबलांवर सगळे माशा मारीत बसलेले. लेबले घेऊन आलेल्या एका वयस्क गृहस्थांनी चार वाजता पिशवी आवरली.

"टेबलाचे भाडेही सुटले नाही हो," एवढेच म्हणाले. रागावले असते तर बरे वाटले असते.

पुढच्या खेपेला नव्यांना बोलवायचेच नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले. पण रात्री वही उघडली तेव्हा कळले, हॉलचे भाडे निघाले होते ते पोरांच्याच तिकिटांतून.

विचार करताना १९५२ सालचे एक अमेरिकन बेसबॉल कार्ड आठवले. मिकी मँटल या खेळाडूचे. २०२२ साली ते १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. निघाले तेव्हा तेही च्युइंगमबरोबर पोरांच्याच खिशात जात होते की!

यंदा टेबले आठ-आठ केली आणि एकाआड एक मांडली. रणजींच्या शेजारी आयपीएल, रविवर्म्याच्या लक्ष्मीशेजारी पोकेमॉन. मध्ये एक टेबल केवळ अदलाबदलीचे. नियम सर्वांना एकच: किंमत लिहून ठेवायची आणि नवी छपाई जुनी म्हणून खपवायची नाही.

त्या गृहस्थांना घरी जाऊन आग्रह केला, तेव्हा कुठे आले. दुपारी पाहतो तर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा वाघाचे लेबल हातात धरून उभा. खिशात पैसे नव्हते. त्याने स्वतःचे एक कार्ड पुढे केले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते निरखले आणि सौदा पटला.

संध्याकाळी मी भीतभीतच विचारले, "काका, भाडे सुटले का?"

"सुटले, सुटले. पण या पिवळ्या प्राण्याचे नाव काय म्हणाला तो? वहीत नोंदवायचे राहिले."