गवताच्या डोंगरातलं पाणी

दिवाळीच्या सुट्टीत मुन्नारला गेलेला मराठी पर्यटक चहाचे मळे पाहतो, एरविकुलमला नीलगिरी ताहर पाहतो आणि परततो. मुन्नारहून पूर्वेला लसणासाठी नावाजलेलं वट्टवडा आहे. उतारावर पायऱ्या पाडून शेती करणाऱ्या या गावाजवळ, आनमुडी शोला राष्ट्रीय उद्यानात, पळत्तोट्टमचा परिसर येतो. इकडचं पाणी पांबार नदीला मिळतं. केरळात पूर्ववाहिनी नद्या तीनच, त्यांतली ही एक. पुढे ती अमरावतीमार्गे कावेरीला जाते.

पश्चिम घाटाच्या या उंचीवर माथे आणि उतार गवताचे, तर ओल धरणाऱ्या घळींत शोला नावाचं दाट, बुटकं जंगल. ही जोडी हजारो वर्षांची. इंग्रजांना मात्र गवताचे डोंगर ओसाड वाटले. त्यांनी ऑस्ट्रेलियातून वॅटल आणि निलगिरीची झाडं आणली. स्वातंत्र्यानंतरही तोच कित्ता गिरवला गेला: कातडी कमवायला वॅटलची साल हवी होती, लगद्याला आणि सरपणाला लाकूड. 1973 पासूनची उपग्रहचित्रं तपासली तेव्हा पश्चिम घाटातलं असं सुमारे 340 चौरस किलोमीटर गवत परदेशी झाडांखाली गेल्याचं दिसलं. जवळजवळ चौथा हिस्सा!

झाडं वाढली की पाणी वाढतं, ही आपली पक्की समजूत. उटीजवळ ग्लेनमॉर्गनला मृद व जलसंधारण संशोधकांनी ती मोजून पाहिली. दोन शेजारी पाणलोटांपैकी एकात गवत तसंच राखलं आणि दुसऱ्याच्या 59 टक्के भागावर 1972 मध्ये निलगिरी लावली. लागवडीपासून तोडणीपर्यंतच्या पहिल्या फेरीत तिथलं वाहतं पाणी 16 टक्क्यांनी घटलं. तोडलेल्या खुंटांचे फुटवे वाढू दिल्यावर, दुसऱ्या फेरीत, 25 टक्क्यांनी. झाड बाराही महिने हिरवं राहतं आणि खोलवरची ओल उपसून पानांवाटे हवेत सोडतं. गवत कोरड्या दिवसांत वाळतं, त्याची तहान थांबते. मुरलेलं पाणी उतारावरून झिरपत तळच्या दलदलीत साठतं आणि तिथून सावकाश ओढ्याला सुटतं.

पळत्तोट्टमचं वॅटलचं रान 2019 च्या वणव्यात जळालं. तिथे पुन्हा झाडं न लावता गवत आणायचं, असं वनखात्याने आणि स्थानिक पर्यावरण विकास समितीने ठरवलं, आणि हा निर्णय मी फार मोठा मानतो. काम अतिशय चिकाटीचं आहे. वॅटलचं बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं आणि आगीच्या धगीने उलट जोमाने रुजतं. जळक्या जमिनीवर पिसासारख्या पानांची रोपं दाटीवाटीने उगवतात. ती कोवळी असतानाच मुळासकट उपटावी लागतात, आणि एकदा उपटून भागत नाही. मोकळ्या जागी स्थानिक गवताचे ठोंब लावायचे. तेही रोपवाटिकेत वाढवून, कारण हे गवत बाजारात मिळत नाही. गवत धरलं तसे आटलेले झरे पुन्हा वाहू लागले आणि गवे चरायला परतले.

आपल्याकडे सोलापूर-नगरच्या माळांवर, माळढोकाच्या मुलखात, गिरिपुष्पाची लागवड झाली ती गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन, याच समजुतीतून. सरकारी नोंदीत असे माळ आजही बहुतेक ‘पडीक’ म्हणूनच येतात. कुसळी, मारवेल, पवन्या यांनी धरून ठेवलेली माती त्या नोंदीत कुठेच नसते. म्हणून विनंती एवढीच: पुढच्या पावसाळ्यात तुमच्या गावच्या माळावर वृक्षारोपणाचे खड्डे खणायचं ठरलं, तर आधी तिथे मेंढ्या चारणाऱ्या धनगराला विचारा, या माळावर कोणकोणतं गवत येतं आणि खालचा ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो.