आपली खात्री आणि आपला निर्णय

एखादी गोष्ट खरी असावी असे मनाने एकदा घेतले, म्हणजे ते अनुकूल तेवढेच पुरावे गोळा करू लागते. प्रतिकूल गोष्ट समोर आली तरी तिच्याकडे लक्ष जात नाही. अशा रीतीने वाढलेल्या खात्रीवर आम्ही मोठमोठे निर्णय घेतो.

ही खात्री किती फसवी असते, हे पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगावरून दिसून येते. त्यांनी २९ विद्यार्थ्यांपुढे २, ४, ६ हे आकडे ठेविले व त्यांमागील नियम ओळखण्यास सांगितले. विद्यार्थ्यांनी स्वतः तीन-तीन आकडे सुचवावेत. ते नियमात बसतात की नाही, एवढे त्यांना कळे. दोनदोनने वाढणारे आकडे, असा तर्क सहज सुचे. मग ८, १०, १२ असे आकडे सुचविले जात, उत्तर 'होय' येई आणि खात्री दृढ होई. खरा नियम एवढाच होता, की आकडे चढत्या क्रमाने असावेत! १, ७, ५० असे विचारले असते, तर चूक तत्काळ उमगली असती. पहिल्याच घोषणेत अचूक नियम सांगणारे अवघे ६ जण निघाले.

आमच्या घरांतूनही हेच घडते. मुलीसाठी आलेले स्थळ मनात भरले, म्हणजे आम्ही चौकशी करितो ती मध्यस्थाकडे आणि मुलाच्या मामाकडे. दहा ठिकाणांहून स्तुती ऐकू येते. परंतु मुलगा दारू पितो काय, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे काय, हे शेजाऱ्याला विचारण्यास जीभ रेटत नाही. न विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर पुढे मुलीला जन्मभर भोगावे लागते.

ही खोड पूर्वजांनी ओळखिली होती. कोणास संतपद देण्यापूर्वी त्याच्या विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी पोप पाचवे सिक्स्टस यांनी १५८७ साली नेमिला. लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणत. १९८३ च्या सुधारणांनी त्या पदाचे स्वरूप पालटले. तथापि त्यामागील शहाणपण आजही उपयोगी आहे.

स्वतःच्या मनाची खोड स्वतःला क्वचितच दिसते. म्हणून सोयरीक, जमीनखरेदी किंवा कर्ज यांचा निर्णय करण्यापूर्वी घरातील एका विचारी माणसाकडे विरुद्ध बाजू शोधण्याचे काम सोपवावे, आणि तो बोलत असता इतरांनी रागावू नये. त्याच्या प्रश्नांना उत्तरे मिळाली, तर निर्णय अधिक निर्धास्तपणे घेता येईल. न मिळाली, तर वेळ गेलेली नसेल.