‘लंडन टाउन’: सुपरफ्लॉप सिनेमा, तरीही लोक तो आज का शोधतात?

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. ब्रिटनमध्ये अजूनही रेशनिंग सुरू होतं. अशा काळात, १९४६ साली, ‘लंडन टाउन’ नावाचा रंगीत, गाण्या-नाचांनी भरलेला विनोदी सिनेमा आला. हॉलिवूडच्या तोडीची ब्रिटिश म्युझिकल बनवायची, हे जे. आर्थर रँक यांचं स्वप्न होतं. सिनेमा मात्र दणकून आपटला.

पैसा कुठे गेला?

खर्च दहा लाख पौंडांच्या घरात गेल्याचं सांगितलं जातं. दिग्दर्शक वेस्ली रगल्स आणि गाणी लिहिणारे बर्क-व्हॅन ह्यूजन हे थेट अमेरिकेतून आणले होते. रगल्स यांच्या ‘सिमॅरॉन’ला ऑस्करही मिळालं होतं. पण ‘लंडन टाउन’ हा त्यांचा शेवटचा सिनेमा ठरला.

गोष्ट काय होती?

जेरी हा गावोगावी प्रयोग करणारा विनोदवीर. मुख्य भूमिका मिळाली, या समजुतीनं तो लंडनला येतो. तिथे कळतं, आपण फक्त बदली नट आहोत! मग त्याची लहान मुलगीच खटपट करून त्याला स्टेजवर पोहोचवते. ही मुलगी म्हणजे पुढे ‘डाउनटाउन’ गाण्यामुळे जगभर गाजलेली पेटुला क्लार्क.

मग गडबड कुठे झाली?

जेरी साकारणारा सिड फील्ड हा रंगभूमीचा माणूस. अनेक वर्षं छोट्या शहरांत काम केल्यावर १९४३ मध्ये लंडननं त्याला डोक्यावर घेतलं. त्याचा विनोद समोरच्या प्रेक्षकांच्या हशावर फुलायचा. कॅमेऱ्यासमोर तो हशाच नव्हता. त्यात भव्य सेट आणि लांबलचक नाच-गाण्यांच्या मध्ये त्याचे प्रसंग अडकून पडले. १९५३ मध्ये नाव बदलून सिनेमा अमेरिकेतही दाखवला गेला, पण नशीब काही बदललं नाही.

तरीही तो महत्त्वाचा का?

१९५० मध्ये, अवघ्या ४५व्या वर्षी सिड फील्ड गेला. त्यानं मोजकेच सिनेमे केले. गोल्फ शिकतानाची त्याची गाजलेली स्टेजवरची धमाल आज आपल्याला दिसते, ती याच सिनेमामुळे. टोनी हॅनकॉकसारखे पुढचे विनोदवीर त्याला गुरुस्थानी मानायचे.

नाटकाचा पडदा पडला की प्रयोग संपतो. सिड फील्डचे प्रयोग थोडे तरी उरले, ते सगळ्यांनी नावं ठेवलेल्या या सिनेमात.